आखाजीनंतरची सेकंड शिफ्ट

प्रथमोपचाराच्या रजिस्टरात त्या रात्रीची नोंद एका ओळीत उरकली आहे: ‘रा. ८.१५. चक्कर. बीपीचा त्रास. हॉस्पिटलला पाठवले.’ लिहिणाऱ्याला दोष देत नाही, त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. पण झालं ते चक्कर नव्हतं आणि त्याचं कारण बीपी नव्हतं. हॉस्पिटलला पाठवण्याआधी गेटवर जी पंचवीस मिनिटं गेली, त्यांचा तर रजिस्टरात पत्ताच नाही, आणि माणूस वाचला तो त्याच पंचवीस मिनिटांत. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय. कामगाराला विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कारखाना आणि माणूस

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक फोर्जिंग शॉप, म्हणजे तापलेलं लोखंड प्रेसखाली दाबून घडवायचा कारखाना, दीडशेच्या आत माणसं. गाड्यांच्या गिअरचे कच्चे तुकडे बनतात. मी तिथला अर्धवेळ डॉक्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास बसतो: बीपी, शुगर, भाजलेली बोटं, डोळ्यात गेलेला कण, सर्टिफिकेट. शेडमध्ये मी वर्षातून चार वेळा गेलो असेन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांच्या चुका काढणार आहे आणि पहिली माझी आहे.

ज्याच्यावर हे बेतलं त्याला लाइनवर सगळे ‘नाना’ म्हणतात. वय त्रेचाळीस, मूळ धुळे जिल्ह्यातला, पंधरा-सोळा वर्षांपासून सिडकोत. ठेकेदाराच्या हजेरीवर असला तरी प्रेसवर त्याच्याइतका जुना हात दुसरा नाही. काम असं: इंडक्शन हीटरमधून साधारण बाराशे अंशाला तापलेला बिलेट, म्हणजे लोखंडाचा तुकडा, बाहेर येतो, तो सांडशीत धरायचा, वळायचं, डायमध्ये (साच्यात) बसवायचा, प्रेस खाली येते, तोवर पुढचा बिलेट तयार. एक फेरा वीस सेकंदांचा. तुकडा चार किलोचा. म्हणजे मिनिटाला तीन, तासाला एकशे ऐंशी, आणि तासाला सातशे वीस किलो लोखंड एका माणसाच्या खांद्या-मनगटातून जातं. रीतसर दोन ऑपरेटर अर्ध्या-अर्ध्या तासाने बदली करतात. एक सांडशी धरतो तेव्हा दुसरा ट्रे लावतो, मोजतो, पाणी पितो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाना गावी गेला. खानदेशात आखाजी म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. सिडकोतल्या निम्म्या गल्ल्या त्या आठवड्यात ओस पडतात. सण, त्याला जोडून पुतणीचं लग्न, मग देवदर्शन. असे तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी सकाळच्या एसटीने तो नाशकात उतरला आणि साडेतीनच्या सेकंड शिफ्टला लाइनवर हजर झाला. त्या रात्री डोकं दुखत होतं. झोप झाली नाही म्हणून असेल, असं बायकोला म्हणाला.

तो पडला दुसऱ्या दिवशी.

ती संध्याकाळ

त्याआधीचा आठवडा कडक गेला होता. भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा दुपारी शेडमध्ये चाळिसाच्या वर जायचा. दोन पोरं चक्कर येते म्हणून माझ्याकडे येऊन गेली. मी ओआरएसची पाकिटं देऊन परत पाठवलं. मात्र ज्या दिवशी नाना पडला तो दिवस आठवड्यातला सगळ्यांत ‘थंड’ होता. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वारा सुटला, पाचला अवकाळीची सर येऊन गेली. तिकडे निफाड-सिन्नरकडे शेतकऱ्यांची कांदा झाकायची धावपळ, आणि इकडे शेडमध्ये सगळे खूश: चला, हवा सुटली.

पावसाचं पाणी उडून आत यायला लागलं तशी पश्चिमेची दोन्ही शटरं खाली ओढली गेली. हे बरोबरच होतं. बाराशे अंशाच्या लोखंडापाशी आणि हीटरच्या पॅनेलपाशी पाणी येऊ देत नाहीत. पाऊस अर्ध्या तासात थांबला, शटरं मात्र खालीच राहिली. मध्येच पुन्हा भुरभुर सुरू व्हायची. वर पत्रा दिवसभराचा तापलेला. डायवर ग्राफाइट मिसळलेलं पाणी फवारतात, त्याची वाफ दर वीस सेकंदांनी उठते. एरवी ती शटरातून बाहेर जाते. त्या दिवशी ती आतच कोंडली.

बदलीचा ऑपरेटर आला नव्हता, त्याच्याही घरी लग्न. सुपरवायझरने नानाला विचारलं, ‘‘जमेल ना?’’ नाना हो म्हणाला. कोण नाही म्हणतं? तेरा दिवसांची हजेरी बुडालेली, लग्नात खिसा रिकामा झालेला, आणि टार्गेट गाठलं तर शिफ्टमागे इन्सेंटिव्ह. सुपरवायझर मला नंतर म्हणाला ते अजून कानात आहे: ‘‘खानदेशचा माणूस आहे डॉक्टरसाहेब. त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये वाढलाय. म्हटलं, ह्याला काय होतंय?’’

सहाला चहा झाला. पाण्याचा कूलर शेडच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या भिंतीला. मी नंतर पावलं मोजली: जायला पंचाऐंशी. बदलीला माणूस नसताना एवढं लांब जायचं म्हणजे लाइन थांबवायची. नानाने चहा घेतला, पाणी नाही.

सातच्या सुमाराला तो हेल्परला म्हणाला, ‘‘पायमा गोया उना रे भो.’’ पोटरीत गोळा. हेल्परही तिकडचाच, त्याने दोन मिनिटं पाय चोळून दिला. साडेसातला मॅन कूलरचं, म्हणजे माणसाकडे रोखलेल्या मोठ्या पंख्याचं, तोंड नानाने स्वतःच फिरवलं; वाफ आणि धूर डोळ्यांवर येत होता. आठच्या आत त्याने त्याच हेल्परला आईवरून शिवी दिली. पोरगं चमकलं. सहा वर्षांत नानाच्या तोंडून त्याने शिवी ऐकली नव्हती. मग एक बिलेट डायमध्ये तिरका बसला आणि प्रेसचा आवाज बदलला. लाइनवरच्या माणसांना तो आवाज झोपेतही कळतो. प्रेसवाल्याने हात वर करून थांबायची खूण केली. नानाने पुढचा बिलेट उचलला, सांडशी हातात धरून नुसता उभा राहिला. बिलेट लालाचा काळपट होत गेला. कोणीतरी सांडशी काढून घेतली आणि तो खाली बसला, मग आडवा झाला. हातापायांना झटके आले.

ही शिवी आणि तो तिरका बिलेट माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा आहे. अंगातली उष्णता मेंदूपर्यंत पोचली की माणूस आधी चक्रावतो, चिडतो, चुकतो; पडतो नंतर. शांत माणूस भांडायला लागला, जुना हात चुकायला लागला, तर तापमान बघत बसू नये, त्याला बाहेर काढावं. इथे दहा-पंधरा मिनिटं हातात होती.

गेटवरची पंचवीस मिनिटं

‘फिट आली, फिट आली’ म्हणून गलका झाला. एकाने चप्पल हुंगवली, दुसरा कँटीनमधून कांदा फोडून घेऊन आला. पेटीतली तापाची गोळी कोणीतरी तोंडात कोंबायला निघाला. चौघांनी उचलून त्याला गेटजवळच्या केबिनबाहेर आणलं.

गेटवर फौजी मामा होते. तोफखान्यातून निवृत्त, देवळालीत बरीच वर्षं काढलेली, आता सिक्युरिटीत. त्यांनी गोळीवाल्याचा हात झटकला. ‘‘शुद्ध नाही, घशात अडकंल. पाणीबी पाजू नका.’’ बगलेत हात घातला, मानेला लावला आणि म्हणाले, ‘‘भट्टी आहे ही. कपडे काढा.’’ बागेला पाणी घालायचा पाइप ओढला आणि डोक्यापासून पायापर्यंत सुरू केला. वॉचमनच्या केबिनमधला पेडेस्टल फॅन बाहेर आणून अंगावर सोडला. एका पोराला समोरच्या रसवंतीवर पिटाळलं. तो मोटारसायकलवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी घेऊन आला. ती फोडून तुकडे टॉवेलात घालून मानेला, काखेत, जांघेत लावले, टॉवेल गरम झाला की बदलायचा.

मामांना हे कुठे शिकवलं म्हणून मी विचारलं. ‘‘ट्रेनिंगला पोरं पडायची ना साहेब, रूट मार्चमध्ये. उस्ताद पहिली बालदी ओतायचा, मग डॉक्टरला बोलवायचा.’’

मला ८.२५ला फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडला घरी होतो. सुपरवायझर घाईत होता: ‘‘साहेब, गाडी तयार आहे, मामा जाऊ देईनात.’’ पेटीत कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक होती. तिने ९९ दाखवलं होतं, म्हणजे ताप नाही, मग पाणी कशाला मारतोय हा म्हातारा, असा त्याचा सूर. ओल्या, वारा लागलेल्या कपाळावर ती बंदूक काहीही सांगते. अशा वेळी आतलं तापमान गुदद्वारातूनच मोजतात, आणि ते साधन कारखान्यात असायची शक्यता नाही. मी विचारलं, नाव विचारल्यावर उत्तर देतोय का? नाही. मग मामा सांगतायत तेच करा, म्हटलं.

घाम येत होता ना, मग उष्माघात कसा, हेही मला दोघांनी विचारलं. शाळेत वाचलेलं असतं की उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते. उन्हाळ्यात घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बहुधा तसंच होतं. कष्टाचं काम करता करता पडलेला माणूस घामाने निथळत असतो. ओळखायची खूण घाम नाही. भान हरपणं ही खूण आहे. आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदू भरकटलेला, दोन्ही एकत्र, की तो उष्माघात. त्यात औषध पाणी आणि बर्फ, आणि मुदत साधारण अर्धा तास. माणूस गाडीत घालून ट्रॅफिकमधून न्यायचा आणि तिथे गेल्यावर थंड करायचा, हा क्रम उलटा आहे. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. हा जंतूंचा ताप नव्हे, आणि ढासळत्या यकृतावर तिचा भार पडतो तो वेगळाच.

८.४०ला नानाने डोळे उघडून काहीतरी बडबड केली. त्यानंतर गाडी निघाली, पाइप बंद करून, बर्फ मात्र लावलेलाच ठेवून.

हॉस्पिटल

पोचला तेव्हा आतलं तापमान ४०.२ होतं. पंचवीस मिनिटं पाणी मारल्यानंतरचं! आधी किती असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. नाडी १३६, रक्तदाब ८८/५०. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची, म्हणजे स्नायू वितळून त्यांचा रंग मूत्रपिंडातून उतरत होता. सीके हा स्नायूंच्या इजेचा आकडा निरोगी माणसात साधारण दोनशेच्या आत असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा एकवीस हजार होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, २.४, वाढलेला. तिसऱ्या दिवशी यकृताचे आकडे वाढले. सलाइन भरपूर दिलं, डायलिसिस टळलं, नवव्या दिवशी घरी सोडलं. तीन आठवड्यांनी मूत्रपिंड पूर्ववत.

तोच दिवस का?

आठवडाभर ४१ अंशांत काही झालं नाही, आणि ज्या दिवशी गार वारा सुटला, ऊन मावळलं, त्या दिवशी माणूस पडला. मालकांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, गर्मीमुळे असतं तर मागच्या आठवड्यात झालं असतं.

मी ओळखीच्या एका सुरक्षा सल्लागाराकडून डब्ल्यूबीजीटीचं (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) मीटर उसनं आणलं. नाव लांबलचक आहे, कल्पना सोपी. एक थर्मामीटर ओल्या कापडात गुंडाळलेला: घाम किती सुकेल ते सांगतो. दुसरा काळ्या गोळ्यात बसवलेला: तापलेल्या वस्तूंची झळ सांगतो. बंद शेडमध्ये पहिल्याला सत्तर टक्के वजन, दुसऱ्याला तीस. याग्लू आणि मिनार्ड या दोघांनी १९५७मध्ये हा हिशोब मांडला तो अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांत रंगरूट पडायचे म्हणून. मामांच्या उस्तादाचाच प्रश्न, उत्तर मात्र आकड्यांत.

आम्ही दोन वेळा मोजलं. कोरड्या कडक दुपारी, शटरं उघडी असताना, नानाच्या जागेवर हवा ४१, ओला २४, काळा गोळा ४७. निर्देशांक ३०.९. मग पुन्हा एकदा अवकाळी येऊन गेलेल्या संध्याकाळी, शटरं मुद्दाम खाली ओढून: हवा ३७, ओला २८, काळा गोळा ४५. निर्देशांक ३३.१. हवा चार अंशांनी उतरली आणि अंगावरचा ताण दोन अंशांनी चढला. भिंतीवरचा थर्मामीटर फक्त पहिला आकडा दाखवतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून जमिनीवर पडला तर फुकट गेला. कोरड्या नाशिकला या सोयीची इतकी सवय आहे की दमट संध्याकाळ आपल्याला ‘गार’ वाटते. मुंबईकर असता तर फसला नसता.

आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात जड कामासाठी संदर्भ मर्यादा २६ आहे. म्हणजे आमची जागा दोन्ही वेळा मर्यादेच्या कितीतरी वर होती, आणि पंधरा वर्षं माणसं तिथे काम करत होती. कशाच्या जोरावर? सवयीच्या. त्याच मानकात आणखी एक आकडा आहे: सवय नसलेल्या माणसासाठी २३. तीन अंशांचा फरक फक्त सवयीचा.

आता या ‘सवय’ शब्दाकडे येतो, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. आपण सवय म्हणजे स्वभाव समजतो: खानदेशी माणसाला उन्हाची सवय, कोकण्याला पावसाची. शरीराच्या हिशोबात ती रक्तामांसाची गोष्ट आहे आणि तिला दिवस मोजावे लागतात. रोज गरमीत कष्ट केले की आठवड्याभरात रक्तातलं पाणी वाढतं, नाडी कमी धावते, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. साधारण एक-दोन आठवड्यांत ही घडण पुरी होते. आणि काम थांबलं की ती उतरायलाही लागते. आठवडा-दोन आठवड्यांत तिचा चांगला हिस्सा गेलेला असतो. गावी चव्वेचाळीस अंश असले तरी नाना तिथे मांडवाच्या सावलीत पाहुण्यांत बसला होता. उन्हात असणं वेगळं, उन्हात राबणं वेगळं. शरीर राबण्याचाच हिशोब ठेवतं.

याचा पडताळा त्याच लाइनवर होता. ज्या हेल्परने शिवी खाल्ली तो आखाजीला गेला नव्हता. तीच शेड, तीच शटरं, तेवढेच तास. त्याला काही झालं नाही. अर्थात तो वयाने निम्मा आणि काम थोडं हलकं, त्यामुळे हा पुरावा न्यायालयात टिकणारा नाही, हे मान्य. पण मी जुनी प्रथमोपचाराची रजिस्टरं आणि ठेकेदाराची मस्टरं (हजेरीपटं) शेजारी ठेवून तीन उन्हाळे चाळले. ‘चक्कर’, ‘उलटी’, ‘गोळे’ अशा एकोणीस नोंदी सापडल्या. त्यातल्या अकरा जणांच्या हजेरीत आधीच्या आठवड्यात मोठा खाडा होता किंवा माणूस अगदी नवा होता. एवढ्याशा आकड्यावरून सिद्धांत मांडत नाही. एवढंच म्हणतो की मी आजवर हवामानाच्या बातम्या बघत होतो, बघायला मस्टर हवं होतं. आणि तेही माझ्या टेबलावर येत नाही. कंत्राटी माणसाची रजा ठेकेदाराच्या वहीत असते, शिफ्ट लावणाऱ्याला ती माहीत नसते.

बाकीची कारणं या एका कारणावर रचली गेली. बदलीला माणूस नाही. पाणी पंचाऐंशी पावलांवर. दोन रात्रींची अपुरी झोप. आणि एक कारण माझ्या खात्यातलं: नाना बीपीची जी गोळी घ्यायचा तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. अशा गोळीने शरीरातलं पाणी-मीठ आधीच कमी असतं. ती चालू आहे हे माझ्याच कार्डावर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. भट्टीवरचा माणूस आणि ही गोळी, उन्हाळ्याच्या तोंडावर बदलायला हवी होती. त्याच्या डॉक्टरांनी ती नंतर बदलली. (हे वाचून कोणी आपापली गोळी बंद करू नये. डॉक्टरांना काम काय आहे ते सांगावं, एवढंच.)

कायद्याबद्दल थोडं. कारखाने अधिनियम, १९४८च्या (२०२५मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) कलम १३ने कामाच्या जागी हवा खेळती आणि तापमान सुसह्य ठेवायची जबाबदारी टाकली. कलम १८मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय होती, पण उन्हाळ्यात ते थंड करून द्यायची सक्ती अडीचशेच्या वर कामगार असतील तरच होती. आमचे दीडशेच्या आत. माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर कलम ८८खाली कळवावं लागायचं. पण ‘चक्कर, बीपी’ असं लिहिलं की हा अपघात आहे असं कोणाच्या मनातच येत नाही. त्या कायद्यातल्या कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. उष्माघात नव्हता. म्हणून रजिस्टरातली ती एक ओळ मी दुसऱ्या दिवशी लाल शाईने दुरुस्त करून घेतली, सुपरवायझरची सही घेऊन. तो नाराज झाला. अजून थोडा आहे.

मग काय बदललं

पहिल्यांदा जे सुचलं ते पंखे. मालकांनी दोन नवे मॅन कूलर मागवले, मी काही बोललो नाही. पंख्याने घाम सुकतो, झळ अडत नाही. झळ अडते ती मध्ये काहीतरी आडवं आलं तर. हीटरच्या तोंडापासून नानाच्या डाव्या अंगापर्यंत मेंटेनन्सच्या पोरांनी चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा फ्रेमवर ठोकून उभा केला. काळा गोळा सहा अंशांनी उतरला. आठवड्याने पुन्हा मोजलं तर तीनच! पत्रा ग्राफाइटने काळा पडला होता. चकाकी गेली की तो झळ परतवत नाही, स्वतःच तापून झळ देतो. आता दर सोमवारी फर्स्ट शिफ्टचा हेल्पर तो पुसतो, आणि एखादा सोमवार चुकला की नाना दुरूनच ओरडतो. पश्चिमेच्या शटरांवर बाहेरून चार फुटांची पत्र्याची पडवी काढली, म्हणजे पावसातही शटर अर्धं वर राहतं. सगळ्यांत कमी खर्च आणि सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला असं माझं मत आहे.

एवढं करून दमट संध्याकाळचा आकडा ३०च्या खाली आला नाही. सव्वीस तर फार लांब. फोर्जिंग शॉपमध्ये तो येणारही नाही. उरतं ते विश्रांती आणि बदली. बदलीला माणूस नसेल तर लाइन निम्म्या वेगाने चालेल, हे मालकांकडून लेखी घ्यायला मला सहा आठवडे लागले.

पाण्याचे जार लाइनपाशी आले. पहिल्या दिवशी कोणी प्यायलं नाही; हात काळे, ग्लास एक. मग प्रत्येकाला नावाची बाटली दिली. डिस्पॅचचा वजनकाटा आणून पाच जणांचं वजन शिफ्टच्या आधी आणि चार तासांनी केलं. एका गड्याने चार तासांत दीड लिटर पाणी पिऊनही वजन एक किलो आठशे ग्रॅमने घटलं होतं. सव्वातीन लिटरच्या वर घाम! तो काट्यावरून उतरेना, काटाच बिघडलाय म्हणाला. त्यानंतर पाणी प्या म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, आणि नुसतं पाणी नाही: शिफ्टच्या मध्यात मीठ घातलेलं ताक, फार दमट दिवशी ओआरएस. इन्स्पेक्शनच्या बायका मात्र अजून कमी पितात. त्यांचं शौचालय आवाराच्या पार मागे आहे, कडी नीट लागत नाही. पाण्यावर भाषण देऊन ते सुटणार नाही. मी दोनदा लिहून दिलंय.

आणि मस्टर. नियम असा ठरला: सात दिवसांहून जास्त रजा झालेला जुना माणूस परतला की पहिल्या दिवशी प्रेसवर निम्मं काम, मग साठ टक्के, ऐंशी, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. नवा माणूस वीस टक्क्यांपासून, रोज वीसने वाढवत. आकडे माझे नाहीत, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची ती शिफारस आहे. ठेकेदाराने पहिलाच प्रश्न विचारला, उरलेल्या निम्म्याचे पैसे कोण देणार? योग्य प्रश्न होता. तोडगा निघाला की उरलेला वेळ तो माणूस इन्स्पेक्शनला बसेल, हजेरी पूर्ण. इन्सेंटिव्हचा तोडगा निघाला नाही.

नाना दोन महिने इन्स्पेक्शनलाच होता. पावसाळा मुरल्यावर प्रेसवर परतला, वीस टक्क्यांपासून. त्याला ते अपमानास्पद वाटलं आणि त्याने ते मला ऐकवलंही.

यंदा आखाजी झाल्यावर परतलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली. बारा नावं. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर सातव्या नावावर निळ्या पेनाने आडवी रेघ. खोडणारा कोण ते विचारायची गरज नव्हती. तीन दिवसांचा इन्सेंटिव्ह कोणाचा बुडत होता ते यादीतच होतं. आभाळ भरून आलेलं, पडवीखाली शटर अर्धं वर. दोन नंबरच्या प्रेसवर त्या सातव्या नावाचा पोरगा पूर्ण शिफ्ट ओढत होता, आणि त्याच्या शेजारी नाना उभा होता, पाण्याची बाटली एका हातात, दुसरा हात सांडशी मागण्यासाठी पुढे केलेला. पोरगा देत नव्हता.